जिमचा कंटाळा आलाय? भिंत चढून बघा
ट्रेडमिल आणि मशीन्सचा वीट आला म्हणून व्यायामच सोडावासा वाटतोय असं तुम्ही लिहिलंय, तर प्लीज सोडू नका, फक्त प्रकार बदला. पोहणं हा पर्याय छानच आहे, पण मी बोल्डरिंगबद्दल सांगते, म्हणजे दोरीशिवाय कमी उंचीची कृत्रिम भिंत चढायची, खाली जाड गादी असते. ह्यात रेप्स (एकच हालचाल किती वेळा केली ते) मोजत बसायला लागत नाही, समोर एक कोडंच असतं, उजवा पाय कुठे ठेवला की डावा हात पुढच्या होल्डला (भिंतीवर पकडायला लावलेल्या उंचवट्याला) पोचेल ह्यातच डोकं गुंततं. नवीन माणूस सगळं वजन हातांवर घेतो आणि थोड्याच वेळात मनगट ते कोपर सगळं दगडासारखं कडक होतं. खरं काम पायांनी ढकलायचं, हात जमेल तितके सरळ ठेवायचे. बोटांचे टेंडन्स (स्नायूंना हाडांशी जोडणारे मजबूत तंतू) स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात त्यामुळे सुरुवातीला दोन सेशन्समध्ये एक-दोन दिवस गॅप हवाच, हे खरंच पाळा.

भिंत जवळपास नसेल तर दोरीच्या उड्या, २० सेकंद जोरात, १० सेकंद आराम, असे ८ राउंड, ४ मिनिटांत घामाघूम. गुडघे दुखत असतील तर मात्र पोहणंच बरं.

आणि वजनं पूर्ण बंद नका करू हां, डब्ल्यूएचओच्या २०२० च्या गाइडलाइन्समध्येही आठवड्यात किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितलाय. चढण्यात खेचणं भरपूर होतं, ढकलणं कमी, म्हणून पुशअप्स तेवढे चालू ठेवा.