फक्त डावी पोटरी सुजली आहे : दाबाचे मोजे घ्यावेत की लेझर करावे?

प्रश्न :
नमस्कार. माझ्या आईचे वय 58 असून तिची सारी नोकरी वर्गात उभे राहून शिकवण्यात गेली. तिच्या दोन्ही पायांच्या शिरा कित्येक वर्षांपासून फुगलेल्या आहेत आणि संध्याकाळी पाय जड होणे आमच्या अंगवळणी पडले आहे. मात्र नागपूरहून पुण्याला रात्रभर बसने आल्यापासून, गेले तीन दिवस, तिची फक्त डावी पोटरी सुजून दुखते आहे. नातेवाईक तेलाने मालिश करायला सांगतात. दाबाचे मोजे घ्यावेत की फुगलेल्या शिरा बंद करणारे लेझर करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर :
मोजे आणि लेझर हे दोन्ही विषय सध्या बाजूला ठेवून आईंना आजच रुग्णालयात न्यावे, ही कळकळीची विनंती. शिरांतील झडपा निकामी झाल्यामुळे फुगलेल्या त्वचेलगतच्या शिरांचा उपचार सावकाश करता येतो. पण बराच वेळ बसून राहिल्यानंतर एकाच पायाला नव्याने सूज आली, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते, कारण तिचा तुकडा सुटला तर तो हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो. म्हणूनच मालिश मुळीच करू नये. माझ्या वडिलांची पोटरी आम्ही स्नायू दुखावला असे समजून आठवडाभर चोळत राहिलो आणि नंतर गुठळी मांडीपर्यंत पोहोचल्याचे कळले. ते बरे झाले, पण ते दिवस आजही आठवतात. गुठळी आहे का हे पाहणारी डॉपलर तपासणी सोनोग्राफीसारखीच असते, तिच्यात सुई टोचत नाहीत. दम लागला, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर लगेच 108 ला फोन करावा.

प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. डॉपलरमध्ये गुठळी दिसली आणि रक्त पातळ करणारे औषध कालच सुरू झाले. पालेभाजी बंद करावी का?

उत्तर :
वेळेवर गेलात, फार बरे वाटले. औषध वॉरफरिन असेल तर पालक-मेथी बंद न करता तिचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे आणि सांगितलेल्या तारखांना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासावा. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना हे पथ्य सहसा नसते. औषध बहुधा किमान 3 महिने चालते. सूज उतरली म्हणून ते आपल्या मनाने थांबवू नये आणि अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. मोजे घेण्यापूर्वी पायाच्या धमन्यांतील रक्तपुरवठा तपासून घ्यावा. मधुमेह असल्यास तर नक्कीच. लेझरचा निर्णय खोल शिरा मोकळ्या झाल्याचे पुन्हा डॉपलरने पाहूनच घ्यावा.