जुन्या ऑटोमॅटिक पिकअपले शिफ्ट किट टाकावं का? माहं म्हणणं, टाकावंच

संत्रेवाला वरूड
आधी गाडी समजून घ्या मंग भांडा. मामाजवळ १९८५ ची शेवरोले पिकअप आहे, ६.२ लिटरचं डिझेल व्ही-८, स्टेअरिंग डाव्या हाताले, नागपूरच्या एका शौकीन म्हाताऱ्याजवळून घेतलेली. गिअरबॉक्स ७००आर४, चार गिअरचा ऑटोमॅटिक. गावात तिले हत्ती म्हणतात. पण हत्ती काही पूजेपुरता नाही ठेवला, मृग बहाराचा संत्र्याचा सगळा माल मांगं ट्रॉली लावून हाच नागपूरच्या कळमना बाजारात नेते.
आता दुखणं असं का पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन उगाच वर चढते, दोन-तीन सेकंद नुसतं गुरगुरते अन् मंग आरामात गिअर पडते, जसा पाहुणा जेवून उठून रायला. मामेभाऊ डॅलसले असते, त्यानं दिवाळीत येताना ट्रान्सगो कंपनीचं शिफ्ट किट, म्हणजे गिअर लवकर अन् कडक पडावे म्हणून बॉक्समध्ये टाकायच्या स्प्रिंगा वगैरे, बॅगेत टाकून आणलं, तेव्हापासून डबा कपाटावर पडून आहे कारण घरी-दारी सगळे म्हणतात हात लावू नको.
माहं मत उलटं आहे. कंपनीनं हे गिअर मुद्दाम नरम ठेवले, बसणाऱ्याले झटका लागू नये म्हणून. एक प्लेट सुटते, दुसरी हळूहळू धरते, तेवढ्या वेळात दोन्ही घासतात अन् ऑइल तापते. किटमधल्या स्प्रिंगा कडक असतात, ऑइल जाते त्या सेपरेटर प्लेटची भोकं मोठी करावी लागतात, म्हणजे ऑइल लवकर भरते अन् गिअर टपकन पडते. घासणं कमी तं गरमी कमी. आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्री असते भाऊ, इथं तं हे कंपनीतूनच यायले पाह्यजे होतं. सध्या माल नाही, गाडी रिकामी उभी आहे, आता नाही तं कधी खोलू?

जुना मिस्त्री, पुसद
बाबू, तीस वर्षं झाले गिअरबॉक्स अन् हाऊजिंग (मांगचं डिफरन्शियल) खोलून रायलो, म्हणून सांगतो, नको करू. गिअर टपकन पडते म्हणतं, तो टपकन कुठं जाते माहीत आहे का? क्रॉसवर, प्रोपेलर शाफ्टवर, हाऊजिंगच्या दातावर अन् इंजिनच्या फाउंडेशनवर. चाळीस वर्षाची गाडी, रबर सगळे बिस्किट झाले असतील. तू कडक झटका देशीन तं जिथं कमजोर तिथून तुटन.
दुसरं म्हणजे भोक. स्प्रिंग काढून जुनी बसवता येते, प्लेटीचं मोठं केलेलं भोक लहान करता येत नाही. नवी प्लेट पुसदले भेटते का वरूडले?
अन् तू हे खोलशीन कुठं? आपल्याकडचे वर्कशॉप म्हणजे वर टिन, खाली माती, बाजूले जिनिंग, हवेत कापसाचा उडता रुवा. व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे कोणत्या गिअरले ऑइल द्यायचं ते ठरवणाऱ्या भागात, व्हॉल्व्ह इतके बारीक बसलेले असतात का एक तंतू गेला तं अडकतात. मी एकदा एका डॉक्टरसाहेबाच्या ऑटोमॅटिक जीपचं खोललं होतं, त्यातली एक स्टीलची गोळी घरंगळत नालीत गेली, दोन दिवस मी अन् पोरगा नाली उपसत होतो. भेटली, पण गाडी पुन्हा पह्यल्यासारखी कधी चालली नाही, अन् डॉक्टरसाहेब आता समोरून गेले तरी मान फिरवतात.

हिंगणघाट टर्बो
काका तुम्ही लय घाबरवता बे लोकाइले 😄 कडक गिअरची मजाच वेगळी, पाठीत धक्का बसला पाह्यजे तं वाटते काही चालवून रायलो म्हणून. टाक भाऊ बिनधास्त. अन् व्हिडिओ टाक.

जुना मिस्त्री, पुसद
पाठीत धक्का पाह्यजे तं बिनस्प्रिंगच्या बंडीत बस, फुकट आहे.

अमरावतीची ताई
मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल शिकवते, दोघांच्याही थोडं आड येते, रागावू नका.
संत्रेवाले दादा, तुम्ही पहिला ते दुसरा म्हणता आणि प्लेटी म्हणता, तिथं गल्लत आहे. ७००आर४ मध्ये दुसरा गिअर प्लेटी नाही, बँड धरतो, ड्रमभोवतीचा पट्टा, आणि सर्व्होचा, म्हणजे तेलाच्या दाबानं चालणारा, पिस्टन त्याला आवळतो. एक सुटतो नि दुसरा धरतो ते खरं होतं दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिथं बँड सोडतो आणि ३-४ च्या क्लच प्लेटी धरतात. शिवाय पहिला गिअर ३.०६ चा आणि दुसरा थेट १.६३ चा, म्हणजे उडी मोठी आहे, म्हणून तिथला दोष लवकर जाणवतो. बँड घासून पातळ झाला असेल तर किट त्याला जाड करणार नाही. किट तेलाचा दाब आणि वेळ बदलतं, मटेरियल नाही.
आणि गरमीचं म्हणाल तर ऑटोमॅटिकमधली बहुतेक उष्णता गिअर बदलताना तयारच होत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये होते, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, लॉक-अप (तो थेट जोडला जाणं) नसताना, चढावर, ओझं ओढताना, गावातल्या गर्दीत हळू चालवताना. त्या गरमीला शिफ्ट किट हातही लावत नाही. ढोबळ हिशोब असा धरतात की ऑइल ८० डिग्रीच्या आसपास राहिलं तर बरं आणि त्याच्या वर दर १० डिग्रीला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. रेडिएटरमधला कूलर ऑइलला पाण्याच्या तापमानाखाली आणू शकत नाही, आणि आपलं पाणी मे महिन्यात किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा बाहेरचा वेगळा ऑइल कूलर आधी, किट नंतर, लावायचंच असेल तर.
एक विचारू का, ट्रॉली लावल्यावर गिअर ओव्हरड्राइव्हमध्येच, म्हणजे चौथा पडेल असाच, ठेवता का?

संत्रेवाला वरूड
ताई, हो. ओव्हरड्राइव्हमध्येच. डिझेल वाचते म्हणून 😐

अमरावतीची ताई
मग आधी ते बंद करा. ओझं असताना डी वर, म्हणजे तिसऱ्यावरच ठेवा. चौथा ०.७० चा आहे, चढ आला की गाडी तिसऱ्या-चौथ्यात सारखी येरझारा घालते आणि दर वेळी तोच बँड पुन्हा धरतो नि सुटतो, कारण चौथ्यालाही तोच बँड लागतो, म्हणजे घासतो तोच.

वणीचा डंपरवाला
बरं झालं ताई बोलल्या. मी वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खुल्या कोळसा खाणीत डंपरवर होतो, तिथले मोठे डंपर ऑटोमॅटिकच असतात, पण तिथं कोणी गिअर कडक करा म्हणत नाही, तिथं ऑइलच्या टेंपरेचरच्या काट्यावर डोळा असते. काटा चढला का गाडी बाजूले, मंग साहेब वरडो का कोणी वरडो.
मले मिस्त्रीकाकाचं सगळं पटत नाही पण. झटक्यानं सगळं तुटते असं नाही, स्लिप मारत मारत जळणारा बॉक्स झटक्यावाल्यापेक्षा लवकर मरते, हे डोळ्यानं पाह्यलं. किट बरोबर लावलं तं नुकसान नाही, उलट फायदा आहे, पण बरोबर म्हणजे बरोबर.
पण संत्रेवाल्या भाऊ, एवढं सगळं लिहिलं अन् टीव्ही केबलचं नावच नाही. डिझेल पंपाच्या लिव्हरवरून गिअरबॉक्सले एक केबल जाते, ती पाह्यली का? त्या बॉक्सले तुह्या पायाचा अंदाज त्या केबलीनंच समजते. केबल ढिली तं बॉक्सले वाटते तू हळू चालवून रायला, दाब कमी ठेवते, अन् भरलेल्या ट्रॉलीसकट कमी दाबावर बँड अन् प्लेटी घासते. तू सांगितलेलं दुखणं मले तं तेच वाटते.

हिंगणघाट टर्बो
टीव्हीची केबल गिअरबॉक्सले?? 😂😂

वणीचा डंपरवाला
थ्रॉटल व्हॉल्व्ह बे. डिश टीव्ही नाही.

संत्रेवाला वरूड
मंडळी, आज सकाळी बॉनेट उघडलं. काय सांगू. केबलचं पंपाकडचं टोक तुटलेलं होतं अन् कोण्या महाभागानं ते बायंडिंग तारीनं लिव्हरले बांधून ठेवलं होतं, आपण द्राक्षाच्या मांडवाले बांधतो तशी दोन पिळ देऊन. तार ताणून ताणून बोटभर ढिली झालेली. म्हणजे अर्धा पाय दाबेपर्यंत केबल हालतच नव्हती!
वणीवाल्या भाऊनं फोनवर सांगितलं तसं केलं, मामेभावाकडून आलेल्या सामानात केबल नव्हती म्हणून नागपूरहून एका खटपट्या माणसाकडून टोक बनवून आणलं. इंजिन बंद, केबलवरची ती क्लिप दाबली, स्लायडर पूर्ण मांगं लोटला, क्लिप सोडली, मंग पंपाचा लिव्हर पूर्ण उघडला तं कटकट करत स्वतःच जागेवर बसला. फिरवून पाह्यली तं गिअर बरोबर पडून रायले. रिकामी होती पण फरक जमीन-अस्मानाचा.

जुना मिस्त्री, पुसद
आता बोल. डबा उघडला असता अन् केबल तशीच राह्यली असती तं कडक स्प्रिंगा टाकूनही गिअर घसरतच राह्यले असते, अन् तू म्हटलं असतं किट खराब आहे.

संत्रेवाला वरूड
काका ते मान्य, अगदी मान्य. पण एवढ्यानं किटचा विषय संपत नाही. दीडेक वर्ष तरी गाडी त्या तारेवर चालली, तेवढ्यात बँड अन् प्लेटी किती गेल्या कोणाले माहीत? बॉक्सखालचा ऑइलचा पॅन तसाही उघडायचाच आहे, फिल्टर बदलायचा आहे, ऑइलचा रंग लाल नाही राह्यला, चहासारखा झाला. एकदा १६ बोल्ट खोलून ऑइल सांडलंच आहे तं व्हॉल्व्ह बॉडी हाताजवळच असते. भोक मोठं करणार नाही, ते तुमचं पटलं. फक्त अॅक्युम्युलेटरची (गिअर पडतानाचा झटका नरम करते त्याची) अन् दाबाची स्प्रिंग.

अमरावतीची ताई
पॅन उघडाल तेव्हा आधी त्यातलं चुंबक बघा. राखाडी चिखलासारखं बारीक असेल तर ते वयाचं आहे, चालतं. काळे चकचकीत तुकडे किंवा धातूचे कण दिसले तर स्प्रिंगांचा विचार सोडा, बॉक्स बाहेर काढावाच लागेल. आणि ऑइलला करपल्यासारखा वास येतो का तेही सांगा. पॅन काढल्यावर साधारण पावणेपाच लिटर निघेल, बाकीचं कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून एका वेळेत सगळं बदललं असं समजू नका. भरल्यावर लेव्हल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये बघायची.

जुना मिस्त्री, पुसद
अन् याच बॉक्सचा सन शेल, म्हणजे आतल्या सन गिअरले फिरवणारी पत्र्याची वाटी, तुटतो ते कोणीच नाही सांगत. तो गेला तं दुसरा, चौथा अन् रिव्हर्स तिन्ही जातात, फक्त पहिल्या अन् तिसऱ्यावर घरी यावं लागते. दाब वाढवला का त्याच्यावरचा मारही वाढते. ऐन आंबिया बहारात असं झालं तं बोलेरो पिकअप भाड्यानं लावशीन का मामाच्या खिशातून?

वणीचा डंपरवाला
काका सन शेल नरम गिअरवरही तुटते, ते जुन्या डिझाइनचंच दुखणं आहे. मजबूत भेटते आता. पण त्यासाठी सगळा बॉक्स खोला लागते, हे खरं.

हिंगणघाट टर्बो
मंग व्हिडिओ नाही का येणार?

संत्रेवाला वरूड
मामाले सगळं वाचून दाखवलं. मामा चष्मा पुसत म्हणे, पोळ्यापर्यंत केबलवर चालव, ओझं असताना तिसऱ्यावर, अन् ऑइलचा काटा लावून रोजचा आकडा वहीत लिही, मंग ठरवू डबा उघडायचा का विकायचा. म्हणजे मामा काकाच्या बाजूनं गेले. मी अजून माह्याच बाजूनं आहे.
काटा लावला आहे. काल वरूड ते मोर्शी, ट्रॉली रिकामी, बाहेर ४४, ऑइल ९६.

वणीचा डंपरवाला
सेन्सर कुठं लावला, पॅनमध्ये का कूलरले जाणाऱ्या पायपावर? पायपावर असन तं आकडा जास्तच दाखवन.

संत्रेवाला वरूड
पायपावर.

जुना मिस्त्री, पुसद
तरी रिकाम्या ट्रॉलीनं ९६? कूलर कधी लावतं ते सांग पह्यले.