टाके पूर्ण होईपर्यंत किडनी बर्फात ठेवावी का? खर्च आणि फायदा

हिमांक
प्रत्यारोपणात दात्याची किडनी 4 अंशांच्या द्रावणातून बाहेर काढून रुग्णाच्या पोटात ठेवली, की शीर आणि धमनी जोडून क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) सुटेपर्यंत साधारण 30 ते 45 मिनिटं जातात. या वेळात ती मिनिटाला जवळपास अर्धा अंश तापते. 15-18 अंश ओलांडले की पेशी ऑक्सिजन मागू लागतात, आणि रक्त तर अजून सुरूच झालेलं नसतं. म्हणजे पंचविसाव्या मिनिटापासूनच झळ बसायला लागते. उपाय साधा आहे. गॉजच्या दोन थरांत सलाइनच्या बर्फाचा लगदा भरून किडनीला जॅकेट घालायचं, रक्तवाहिन्यांपाशी खिडकी ठेवायची. खर्च काही शे रुपये. किडनी लगेच चालली नाही तर डायलिसिस, डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी), बायोप्सी (किडनीचा तुकडा काढून तपासणी), वाढलेले बेडचे दिवस. प्रत्येक सेंटरने हे सरसकट करावं.

नेफ्रॉन
‘सरसकट’ला माझा विरोध आहे. भारतात बहुतांश किडन्या जिवंत दात्यांच्या. किडनी शेजारच्या ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) येते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागणारे रुग्ण मुळातच थोडे. समजा 100 पैकी 4 जणांना लागतं आणि जॅकेटने ते प्रमाण निम्मं झालं. तरी एकाचं डायलिसिस टाळायला 50 जणांना जॅकेट घालावं लागेल. अमेरिकेच्या नोंदवहीतल्या सुमारे 1 लाख 31 हजार प्रत्यारोपणांचा 2016चा अभ्यास पुढे केला जातो: जोडणीला जितका जास्त वेळ, तितकी किडनी निकामी होण्याची शक्यता जास्त. पण जोडणी लांबते कुणाची? स्थूल रुग्णाची, कॅल्शियम साचलेल्या धमनीची, दोन-तीन धमन्या असलेल्या किडनीची. बर्फाने धमनी मऊ होत नाही.

हिमांक
तुमचाच आकडा घेऊ. 50 जॅकेटं, प्रत्येकी 500 रुपये, म्हणजे 25 हजार. दोन आठवडे जादा दवाखाना, सहा डायलिसिस आणि एक बायोप्सी एवढ्यात होते का? आणि हे फक्त पैशांचं झालं. त्या दोन आठवड्यांत रिजेक्शन झालं, म्हणजे शरीराने किडनी नाकारली, तरी लघवीवरून कळत नाही.

शीतसाखळी
दोघेही ओटीतच अडकलात. कॅडेव्हर, म्हणजे मृत दात्याच्या, किडनीत मोठा फरक प्रवासात पडतो. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीतल्या 2009च्या चाचणीत 336 दात्यांची एक किडनी थंड पंपावर (तिच्यातून थंड द्रावण फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर) ठेवली, दुसरी साध्या बर्फाच्या पेटीत. पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागण्याचं प्रमाण 26.5 वरून 20.8 टक्क्यांवर आलं. म्हणजे एक प्रसंग टाळायला सुमारे 18 किडन्या. पंपाचा डिस्पोजेबल संच महाग असूनही तिथल्या हिशोबात पंपच स्वस्त पडला. ब्रेनडेड दात्याचं शरीर 34-35 अंशांवर ठेवण्याला तर जवळजवळ खर्चच नाही. 2015च्या अमेरिकी चाचणीत त्याने हेच प्रमाण 39 वरून 28 टक्क्यांवर आलं. पण 2023च्या चाचणीत पंप पुढे निघाला: नुसतं शरीर थंड ठेवलं तिथे 30 टक्के, पंपावर 19.

नेफ्रॉन
तिथे डायलिसिस आणि बेड महाग, म्हणून पंप परवडतो. इथे बेड स्वस्त, पण आयात संचाची किंमत तीच. तो निकाल जसाच्या तसा इथे उचलता येणार नाही.

ओटी टेबल
जॅकेटचा खरा खर्च बर्फाचा नाही, चुकांचा आहे. उणे 20च्या फ्रीझरमधून काढलेला खडा खडाच असतो, लगदा नव्हे. तो तसाच किडनीला टेकला तर वरचा थर गोठतो. 4 अंशांचं सलाइन घालून तो वाहता होईपर्यंत ढवळायचा, मग तापमान शून्याच्या जरा खाली स्थिरावतं. दुसरं, सलाइनच्या पिशवीची बाहेरची बाजू निर्जंतुक नसते. टेबलावर पिशवी फोडली की संसर्गाला आमंत्रण. लगदा पोटात सांडला तर भुलेखालच्या रुग्णाचं तापमान उतरतं, म्हणून वॉर्मर आधीच चालू हवा. गॉज मोजून आत, मोजून बाहेर. आणि क्लॅम्प सोडण्याआधी जॅकेट काढायचंच, नाहीतर किडनी गुलाबी झाली की नाही हे दिसतच नाही.

हिमांक
हे सगळं मान्य, पण हा प्रशिक्षणाचा खर्च आहे, तो एकदाच होतो. रोबोटिक प्रत्यारोपणात तर बर्फ पद्धतीतच आला. डेट्रॉईटची वट्टीकुटी इन्स्टिट्यूट आणि गुरुग्रामचं मेदांता यांनी 2014 साली जाहीर केलेल्या तंत्रात पोर्टमधून (पोटावर बसवलेल्या छोट्या प्रवेशमार्गातून) लगदा सोडून किडनी 20 अंशांच्या आसपास ठेवली.

नेफ्रॉन
तिथे जोडणी लांबण्याची धास्ती होती, म्हणून ते समजतं. मग निकषच लिहा: कॅडेव्हर किडनी, एकापेक्षा जास्त धमन्या, स्थूल रुग्ण, रोबोटिक शस्त्रक्रिया किंवा शिकाऊ सर्जन. एवढ्यांना जॅकेट घाला. जिवंत दात्याची एका धमनीची किडनी 25 मिनिटांत जोडून होत असेल, तर ओटी सिस्टरला त्या वेळी बर्फ ढवळायला लावणं मला पटत नाही.

हिमांक
25 मिनिटं लागतील हे जोडणी सुरू करण्याआधी कोण सांगणार? टाका फाटून पुन्हा क्लॅम्प लावावा लागला, तर लगदा तयार करायला दहा मिनिटं कुठून आणायची? जॅकेट घालायचं की नाही ते निकषावर ठरवा. लगदा मात्र प्रत्येक केसला तयार असू द्या.