युटातली जुनी घरं आणि शैलचित्रं: डेन्व्हरहून ६ दिवस, आखणी तपासून द्याल का?

रानवाट_७
मंडळी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौघं निघतोय, दोन तंबू घेऊन. गाडी साधी एसयूव्ही आहे, फोर-व्हील ड्राइव्ह नाही. मनात आर्चेस, हॉर्सशू कॅन्यन, सीडर मेसा, मॉन्युमेंट व्हॅली, होव्हनवीप आणि मेसा व्हर्डी आहे. ६ दिवसांत बसेल? पाणी किती बरोबर ठेवावं?

कातळवेडा
सगळं बसवलंत तर गाडीतूनच बघावं लागेल. आर्चेस, मॉन्युमेंट व्हॅली आणि मेसा व्हर्डी वगळा. उरलेल्याचा सुरेख गोल फेरा होतो.

पहिला दिवस ग्रीन रिव्हरपर्यंत, साधारण साडेतीनशे मैल. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी निघा. हायवे २४ वर गॉब्लिन व्हॅलीचा फाटा गेला की थोडं पुढे डावीकडे कच्चा रस्ता लागतो, तिथून हॉर्सशूच्या कड्यापर्यंत ३० मैल. कोरड्या हवेत साधी गाडी जाते, पण वाऱ्याने वाळू साचली असेल तर चाकं रुततात. तिथे थांबू नका, एका लयीत पुढे काढा. फावडं आणि पूर्ण मापाचं स्टेपनी चाक हवंच. गाडी भाड्याची असेल तर करार वाचा, कच्च्या रस्त्याला बहुतेक ठिकाणी मनाई असते.

चाल जाऊन-येऊन ७ मैलांची, ६ तास धरा. जाताना उतार, म्हणजे ७८० फुटांची चढण दमलेल्या पायांनी आणि रेतीतून. कड्यावर तंबू लावता येतो, घळीत नाही. संडास आहे, पाणी नाही.

घळीतल्या ग्रेट गॅलरी या चित्रांच्या भिंतीसमोर किमान तासभर बसा. गेरूच्या रंगातल्या, माणसाच्या उंचीच्या आकृत्या आहेत, बहुतेकांना हात-पाय नाहीत, खाली निमुळत्या होत गेलेल्या. दुर्बीण न्या, अंगावरच्या बारीक रेघा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

तिसऱ्या दिवशी हँक्सव्हिलला टाकी काठोकाठ भरून हायवे ९५ धरा. ब्लँडिंगपर्यंत सव्वाशे मैल पेट्रोलचा भरवसा धरू नका. मुक्काम नॅचरल ब्रिजेसला. तिथे तंबूच्या जागा फक्त १३, आधी येईल त्याला. दुपारी लवकर पोचा.

चौथा दिवस सीडर मेसावरच्या म्यूल कॅन्यनच्या दक्षिण फाट्याला द्या. मैलभरावर ‘हाउस ऑन फायर’ नावाची धान्याची कोठारं आहेत. सकाळी दहा-अकराच्या सुमारास समोरच्या भिंतीवरून परावर्तित उजेड येतो आणि वरचा कातळ पेटल्यासारखा दिसतो. थेट ऊन पडलं की तो रंग जातो, म्हणून आठला पोचून उपयोग नाही. दिवसाच्या चालीलाही पास लागतो. निघण्याआधीच ऑनलाइन काढा, तिथे नेटवर्क मिळत नाही. परतताना बटलर वॉश, जाऊन-येऊन मैलभर.

पाचव्या दिवशी हायवे २६१ ने मोकी डगवे उतरा. ३ मैल खडीचा घाट, ११ टक्के उतार. लो गिअरमध्येच, सतत ब्रेक दाबून ठेवलात तर ते तापतात. मुक्काम ब्लफजवळ सँड आयलंडला, कोरीव चित्रांची भिंत तंबूपासून जवळच आहे. सहाव्या दिवशी होव्हनवीपच्या बुरुजांभोवतीची २ मैलांची फेरी करून घरी.

सडा_आणि_जांभा
एक भर. आपली कोकणातली कातळशिल्पं सड्यावर आडवी असतात, इथली चित्रं उभ्या भिंतीवर. कोरलेली चित्रं कातळावरचा काळा मुलामा टोचून काढून उमटवलेली असतात. माथ्यावरच्या उन्हात ती दिसेनाशी होतात, तिरप्या उजेडात उठतात. खडूने रेघा ठळक करणं किंवा पाणी शिंपडणं अजिबात नको. हातही लावू नका, त्वचेचं तेल कातळात मुरतं आणि पुसता येत नाही.

कोठारांच्या मातीच्या लिंपणात काही ठिकाणी बोटांचे ठसे आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस ती बांधणारी माणसं दक्षिणेकडे गेली. होपी, झुनी आणि इतर प्वेब्लो लोक त्यांचे वंशज, त्यांच्यासाठी ही पूर्वजांची घरं आहेत. भिंतीला टेकू नका, आत शिरू नका. खापराचा तुकडा सापडला तर जिथल्या तिथे ठेवा. इतरांना दिसावेत म्हणून दगडावर मांडूनही ठेवू नका, जागा हलली की त्याची माहिती गेली. उचलून नेणं तर १९७९ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. फोटोबरोबर नेमकं ठिकाण टाकू नका.

रानवाट_७
तिन्ही वगळली. पाण्याचं सांगा ना. आणि पाऊस आला तर?

कातळवेडा
माणशी ४ लिटर, म्हणजे दिवसाला १६. ग्रीन रिव्हरला २० लिटरचे दोन कॅन भरा. दोन दिवसांचे ३२, उरलेले ८ स्वयंपाकाला आणि भांड्यांना. पुढचा भरवशाचा नळ नॅचरल ब्रिजेसच्या माहिती केंद्रावर. कातळातल्या खळग्यातल्या पाण्यात हात धुऊ नका, सनस्क्रीनने त्यातले जीव मरतात.

पाऊस झाला तर चिकणमातीचे रस्ते साबणासारखे होतात, एक दिवस सुकू द्या. आकाश डोक्यावर निळं असलं तरी वरच्या अंगाला गडगडत असेल तर कोरड्या ओढ्यात तंबू लावू नका.

सडा_आणि_जांभा
काळसर, खरबरीत, फुगलेली माती दिसली तर ती जिवंत आहे, सूक्ष्म जीवांनी बांधलेली, एका पावलाने मोडते आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. उघड्या कातळावरून किंवा ओढ्याच्या रेतीतून चाला. वाटेवरच्या दगडांच्या लगोऱ्या पाडू नका, नव्या रचूही नका. कातळावर तंबूच्या खुंट्या शिरत नाहीत, ४-५ मीटर जादा दोरी घ्या आणि मोठ्या दगडांना बांधा. शौचाच्या पिशव्या माणशी रोज एक. रात्री पारा शून्याजवळ जातो, गॅसचं डबडं झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी चहाला आच येत नाही.