लिफ्टचा खर्च आणि तळमजल्याचं चेंबर

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीच्या लिफ्टसाठी दोन कोटेशन आली आहेत. पूर्ण नवीन लिफ्ट १० लाख. दुसरा पर्याय, शाफ्टमधले रूळ आणि काउंटरवेट, म्हणजे केबिनचा तोल सांभाळणारं वजन, आहेत तेच ठेवून मोटर, कंट्रोलर, रोप, केबिन आणि दरवाजे बदलायचे, ६ लाख. सभेआधी मतं कळवा.

फ्लॅट १८: करायची तर नवीनच करा. काचेची केबिन, चांगले दिवे. मागच्या महिन्यात आई दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. जाळीतून हात बाहेर काढून वॉचमनला हाका मारत होती. परत तसं नको.

फ्लॅट २: आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण २० घरांत वाटले तरी घरटी ५० हजार होतात. माझं घर पेन्शनवर चालतं आणि मी तळमजल्यावर राहते. मी लिफ्टमध्ये पाऊलही ठेवत नाही.

फ्लॅट १८: मावशी, सोसायटीच्या नियमावलीतला उपविधी ६७ बघा. लिफ्ट वापरा किंवा नका वापरू, खर्च सगळ्यांना समान.

फ्लॅट ७: त्यात देखभाल, दुरुस्ती आणि लिफ्ट चालवण्याचा खर्च लिहिलाय. अख्खी लिफ्ट बदलायची तर त्यावर वाद होऊ शकतो.

फ्लॅट १६: सिंकिंग फंडाची एफडी आहे ना? मोडा की ती.

खजिनदार: ती मोडायची नाही. तो पैसा इमारतीच्या मजबुतीसाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी आहे. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव आणि आर्किटेक्टचं प्रमाणपत्र लागतं. बिल्डिंग जुनी होत चालली आहे, पुढे कॉलमचं काम निघालं तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

फ्लॅट ३: गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं तेव्हा गळती चौथ्या मजल्यावर होती. आम्ही तळमजल्यावाल्यांनी एक शब्द न बोलता पैसे भरले. आमच्या मागचं ड्रेनेजचं चेंबर मात्र दर पावसाळ्यात तुंबतं. घाण पाणी मोरीतून उलटं वर येतं, गॅस सिलिंडर उचलून ओट्यावर ठेवावा लागतो. दोन अर्ज दिले, एकाचंही उत्तर नाही.

फ्लॅट १६: चेंबरचं आता कशाला? विषय लिफ्टचा आहे.

फ्लॅट ११: दादा, विषय तोच आहे. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, दोन्ही बाजू दिसतात म्हणून सविस्तर लिहिते.

नियम आपल्या बाजूने आहे असं कळलं की समोरच्याचं ऐकून घ्यायचं राहून जातं. मावशींकडून पैसे वसूल करायचेच म्हटलं तर रस्ते आहेत. थकबाकीवर सरळव्याज लावता येतं, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुलीचा अर्जही करता येतो. पण मग रोज जाता-येता त्यांच्याच दारावरून जायचंय. आपण ऑफिसला असताना आपली पार्सलं कोण घेऊन ठेवतं? टाकी भरून वाहायला लागली की पंप बंद करा म्हणून कोण ओरडतं? हे कुठल्याही उपविधीत लिहिलेलं नाही आणि वर्षानुवर्षं चालू आहे.

मावशी, तुम्हालाही मनापासून सांगते. लिफ्ट आम्हाला लागत नाही म्हणून पैसे देणार नाही, हे धरून ठेवू नका. तसं प्रत्येकाने म्हटलं तर गच्ची चौथ्या मजल्याची, चेंबर तळमजल्याचं आणि सोसायटी कुणाचीच नाही. गच्ची काय किंवा ड्रेनेजची लाइन काय, दोन्ही सोसायटीच्याच खर्चात येतात. तुम्ही गच्चीला पैसे दिलेत, मग चेंबरसाठी अर्ज करत बसायची वेळ तुमच्यावर यायलाच नको होती.

मला ६ लाखांचा पर्याय पटतो. आलेल्या इंजिनिअरने रूळ सरळ आहेत असं लिहून दिलंय. झिजलंय ते रोप, दरवाजे आणि कंट्रोलर, आणि ते सगळं यात बदलतंय. काचेची केबिन सोडून देऊ, साधा स्टीलचा पत्रा चालेल. पण जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे एक रुपयाही कमी करायचा नाही. जाळी जाऊन आपोआप बंद होणारे दरवाजे हवेत, दरवाज्याला सेन्सर हवा. वीज गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी एआरडी हवीच. फ्लॅट १८ च्या आईंसारखं कुणी अडकलं, तर वाचवलेल्या पैशाचं करायचं काय?

घरटी ३० हजार येतात. एकदम देणं जमत नसेल त्यांना बिनव्याजी हप्ते द्या, आणि कोण हप्त्याने भरतंय ते ग्रुपवर टाकू नका. जे २० हजार वाचले, त्यातले थोडे सगळ्यांनी काढून ड्रेनेजची लाइन पावसाआधी बदलून घेऊ.

फ्लॅट १८: ताई, काचेच्या केबिनचा माझा आग्रह नाही. आईला सुरक्षित खाली उतरता आलं पाहिजे, एवढंच. मावशी, मघाशी थेट नियम काढला, तसं बोलायला नको होतं.

फ्लॅट २: अगं, तू लेक आहेस, तुझा जीव तुटणारच. लिफ्ट होईपर्यंत आईंना खाली यायचं असेल तेव्हा माझ्याकडे बसव. डॉक्टरकडे जायची रिक्षा येईपर्यंत उभं राहायला नको.

फ्लॅट १६: मला पूर्ण नवीनच बरी वाटते. पाच-सात वर्षांनी परत खर्च निघाला तर? पण बहुमत इकडे असेल तर मी अडवणार नाही. एएमसीमध्ये, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, सुटे भाग धरून घ्या, एवढं ठरावात लिहा.

खजिनदार: हे चांगलं सुचवलंत. सुट्या भागांसकट एएमसीचं कोटेशन मागवतो.

सेक्रेटरी: विशेष सर्वसाधारण सभा घेतो. ५ पूर्ण दिवसांची नोटीस लागते, उद्या बोर्डावर लावतो. कंत्राटदाराने लिफ्ट निरीक्षकांची परवानगी आणायची, ती हातात आल्याशिवाय ॲडव्हान्सच्या पुढे पैसे सुटणार नाहीत. चेंबरसाठी प्लंबरला सकाळी दहाला बोलावलंय. फ्लॅट ३, तुम्ही घरी असाल का?

फ्लॅट ३: आहे. पाणी कुठून वर येतं ते मोरीत उभं करून दाखवते त्याला. आणि सेक्रेटरी काका, नोटिशीत चेंबरचा विषय लिफ्टच्या आधी घाला.

सेक्रेटरी: घातला. हप्ते किती हवेत ते ज्याने त्याने मला एकट्याला फोन करून सांगा.