टॉवरवर अतिसंवाहक रिसीव्हर: उपाय की उगाच खर्च?

सिग्नलवेडा: "अतिसंवाहक रिसीव्हर बसवा, कॉल ड्रॉप संपतील" हे कालचं विधान वाचून राहवलं नाही. अमेरिकेत सुपरकंडक्टर टेक्नॉलॉजीज, कंडक्टस, इलिनॉय सुपरकंडक्टर यांनी १९९० च्या दशकातच हा डबा, म्हणजे फोनकडून टॉवरला येणारा सिग्नल गाळून वाढवणारा अतिथंड रिसीव्हर, आणला. वायबीसीओ किंवा थॅलियमच्या अतिसंवाहक (थंडीत विजेला जवळजवळ रोध न करणाऱ्या) संयुगाचा थर दिलेला फिल्टर, शेजारी एलएनए (कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर), दोन्ही निर्वातात ७७ केल्विनच्या (उणे १९६ सेल्सिअस) आसपास. नॉइज फिगर (यंत्राने स्वतः घातलेला गोंगाट, कमी तितका बरा) ०.५ डीबी, कबूल. पण डबा खाली शेल्टरमध्ये असेल तर वरून येणारी केबल ३ डीबी आधीच खाते. डब्याचा गेन (वाढ) १२ डीबी, बीटीएसची (बेस स्टेशनची) नॉइज फिगर ४ डीबी धरा: एकूण ३.९. तेवढ्याच गेनचा, १.५ डीबीचा साधा टीएमए (टॉवरवरचा, न गारवलेला अ‍ॅम्प्लिफायर) वर अँटेनाला लावा: २.२. करा हिशेब!

रेझोनेटर: हिशेब बरोबर, मुद्दा सुटला. ८५० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये अमेरिकेतले ए आणि बी ऑपरेटर ८३५, ८४५, ८४६.५ मेगाहर्ट्झला एकमेकांना खेटून. शेजारच्या ऑपरेटरचे फोन तुमच्या टॉवरखाली पूर्ण पॉवरने बोलले की एलएनएत इंटरमॉड (सिग्नल एकमेकांत मिसळून तयार होणारे खोटे सिग्नल). साध्या कॅव्हिटी (धातूच्या पोकळीच्या) फिल्टरची धार तीव्र करायला पोल (टप्पे) वाढवले की लॉस वाढतो, इथे फारसा वाढत नाही. डबा त्यासाठी आहे.

टॉवरवाला: आपल्याकडचं दुखणं म्हणजे गच्चीवरचे बेकायदा बूस्टर (रेंज वाढवायचे डबे). वर यागी (एका दिशेला रोखलेला अँटेना), त्याच स्लॅबखाली आतला अँटेना. दोन अँटेनांमधलं आयसोलेशन (आडोसा) गेनपेक्षा कमी पडलं की बूस्टर ऑसिलेट होतो, स्वतःचाच सिग्नल परत ओढून गोंगाट करतो. एलटीईत (४जी) एका रिसोर्स ब्लॉकचा (वारंवारतेच्या छोट्या तुकड्याचा) गोंगाटाचा फ्लोअर −११८ डीबीएमवरून −१०५ वर. हा कचरा बँडच्या आतला, कुठलाही फिल्टर काढणार नाही.

गच्चीराव: बूस्टर हौसेने लावतात का लोक? तळघरात रेंज शून्य, तक्रारीला दाद नाही. आधी कव्हरेज द्या, मग बोला.

टॉवरवाला: म्हणून सगळ्या सेक्टरची वाट लावायची? १३ डीबी म्हणजे अपलिंकची (फोनकडून टॉवरकडे) त्रिज्या निम्म्याहून खाली. तुमच्या एका तळघरापायी चार सोसायट्यांचे कॉल तुटतात! रीतसर इन-बिल्डिंग अँटेना मागा, आणि सोसायटीने ऑपरेटरला जागा द्या. तिथेच अडवता ना?

गच्चीराव: जागेचं खरं आहे. बाकीचं नाही पटलं.

सिग्नलवेडा: रेझोनेटर, बँडच्या कडेला खेटलेल्या शेजाऱ्याचा मुद्दा मानला, नाइलाजाने. पण निर्वात बिघडला की उष्णता आत शिरते, कूलर पुरा पडत नाही. वायबीसीओ ९२ केल्विनच्या वर गेलं की फिल्टरच सिग्नल गिळतो. बायपास रिले हवाच, आणि बायपासवर गेलात की ती धारही गेली.

रेझोनेटर: मग आपल्याकडच्या जुन्या सीडीएमए-जीएसएम भांडणाचं काय? सीडीएमएचं डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे) ८८९ मेगाहर्ट्झला संपायचं, जीएसएमचं अपलिंक ८९० ला सुरू.

सिग्नलवेडा: तिथे आधी सीडीएमएच्या ट्रान्समीटरवर फिल्टर हवा होता. त्याचा स्पिल (बँडबाहेर सांडलेला सिग्नल) ८९० च्या वर पडला की तुमचा डबा तो आत घेणारच. रिसीव्हरवरचा फिल्टर फक्त ब्लॉकिंगपुरता (शेजारचा जोरदार सिग्नल रिसीव्हर बधिर करतो तेवढ्यापुरता), आणि त्याला चांगली कॅव्हिटी पुरते.