अनुभव धागा : घरचा लेझर प्रिंटर आणि तालुक्याचा रिफिलवाला

आमच्या आर्वीकडच्या खेड्यातून एक पान प्रिंट करायचं तर तालुक्याला जावं लागते. सातबारा, पीकविम्याची पावती, पोरांच्या सराव प्रश्नपत्रिका, मधूनच एखादं शपथपत्र. दहा-पंधरा हजारांत बसणारा ब्लॅक अँड व्हाइट लेझर घ्यावा म्हणतो. दुकानदार डब्ब्यावरची किंमत तेवढी सांगतो, पुढच्या खर्चाचं नाव काढत नाही. खेड्यात ज्यांच्या घरी प्रिंटर चालून राहिला त्यांनी लिहा. कोणता घेतला, कार्ट्रिज म्हणजे पावडरचा डबा भरून कुठे आणता, लाईनचं काय करता. यूट्यूबवरचं नको, घरचं सांगा.

दारव्हा, झेरॉक्सवाला
भाऊ, आधी प्रिंटर पाहू नका, रिफिलवाला पाहा. तुमच्या तालुक्यात जे कार्ट्रिज भरून मिळते, त्याचाच प्रिंटर घ्या. आमच्या भागात अजूनही एचपी १०२० अन् कॅनन एलबीपी २९०० यांचंच राज्य आहे. दोघांना १२ए नंबरचं कार्ट्रिज चालते. कॅननचं स्वतःचं ३०३ म्हणजे तीच चीज. एका कार्ट्रिजमध्ये साधारण २००० पानं निघतात, पण ती पानाचा ५ टक्के भाग काळा धरून. सातबाऱ्याच्या चौकटी अन् पोरांची चित्रं छापाल तर कमी निघतील.

आता हिशेब करा. आमच्याकडे रिफिल अडीचशेत होते, म्हणजे पानामागे बारा-तेरा पैसे. त्याहून महाग कागद पडतो! नवं ओरिजिनल कार्ट्रिज टाकत राहाल तर हाच खर्च पानाला रुपयांत जाते. म्हणून डब्ब्यावरच्या किमतीत हजार-दोन हजार वाचले म्हणून खुश होऊ नका.

दुसरं, नव्या मशीनसोबत येणारं कार्ट्रिज बहुतेकदा अर्धवट भरलेलं असते. अन् बऱ्याच नव्या मॉडेलांत कार्ट्रिजवर चिप असते. पावडर भरली तरी चिप बदलल्याशिवाय मशीन ऐकत नाही. घेण्याआधी रिफिलवाल्याला मॉडेल नंबर दाखवा, त्यानं तोंड वाकडं केलं तर दुसरं पाहा.

चिमूर, जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक
मी ब्रदरचा एचएल-एल२३२१डी वापरतो. दोन्ही बाजूंनी आपोआप छापतो, त्यामुळे प्रश्नपत्रिकांना कागद निम्मा लागतो. ह्यात टोनर म्हणजे पावडरचा डबा वेगळा अन् ड्रम म्हणजे ती पावडर कागदावर उतरवणारा रूळ वेगळा. टोनर २६०० पानांचा, ड्रम १२००० पानांचा. ड्रम बदलायची वेळ येते तेव्हा खर्च एकदम अंगावर येतो, ते आधीच धरून चाला.

मेहकर
लाईनचं मी सांगतो. लेझरच्या पोटात हीटर असते, पावडर वितळवून कागदावर चिकटवायला. ते दोनशे अंशांच्या आसपास तापते. सुरू होताना मशीन इतका करंट ओढते की घरातला बल्ब डोळा मिचकावतो. कॉम्प्युटरच्या छोट्या युपीएसवर अजिबात लावू नका, घरच्या साध्या इन्व्हर्टरवरही नाही. आमच्याकडे रब्बीत पंप सुरू झाले की व्होल्टेज पडते. हीटर नीट तापला नाही तर छापलेलं बोटानं पुसल्या जाते. मशीनच्या मागच्या पट्टीवर किती वॅट ते लिहिलेलं असते, ते दाखवूनच स्टॅबिलायझर घ्या. मी तर लाईन चांगली असते तेव्हा सकाळीच सगळं काढून ठेवतो.

वरुड, संत्रा बागायतदार
सगळे लेझर लेझर करून राहिले, पण घरी लहान पोरं असतील तर इंक टँकचाही, म्हणजे टाकीत शाई भरायच्या प्रिंटरचाही, विचार करा जी. रंगीत स्वस्तात निघते, अन् इन्व्हर्टरवर आरामात चालते. फक्त रोज नाही तरी आठवड्यातून एक पान काढत राहा. आमच्या मे महिन्यात उन्हाळी सुट्टीला गावाला गेलो अन् आलो तर शाई आतच वाळलेली. लेझरला ते भ्या नाही, पावडर काय वाळणार?

पुसद, गृहिणी
आमच्याकडे कॉम्प्युटर नाही, सगळं मोबाईलवर. म्हणून मी वायफायवाला घेतला. जुन्या १०२० अन् २९०० मध्ये वायफाय नाही, नुसती यूएसबी, हे दुकानात कोणी सांगत नाही. घरी नेट नसलं तरी चालते. प्रिंटरमध्ये वायफाय डायरेक्ट असलं तर मोबाईल सरळ जोडता येते. हॉटस्पॉटवर दिसत नसेल तर तो २.४ गिगाहर्ट्झवर करा, स्वस्त मशीनींना ५ वालं कळत नाही. अन् वर काच असलेला थ्री-इन-वन घ्या, प्रिंट, स्कॅन अन् झेरॉक्स एकातच. आधार अन् पासबुकची झेरॉक्स घरीच निघते, त्यासाठी बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही.

धागाकर्ता
आमच्या घरी हंगामात पुढच्या खोलीत कापूस भरलेला राहते. प्रिंटर तिथंच ठेवावा लागेल. चालेल काय?

दारव्हा, झेरॉक्सवाला
कापसाच्या खोलीत नका ठेवू. काहून की मशीनमध्ये पंखा असते, तो तंतू आत ओढते. कागद ओढायच्या रबरी रोलरवर बारीक तूस बसलं की कागद घसरते, मग लोकं म्हणतात मशीन बिघडलं. रोलर ओल्या फडक्यानं पुसला की बहुतेकदा सुरू होते. दुसरी जागाच नसेल तर वापर झाला की थंड होऊ द्या अन् मग झाकून ठेवा, चालू असताना झाकू नका.

पावसाळ्यात कागदाचा गठ्ठा उघडा ठेवू नका. ओल धरली की पान वाकते अन् आत अडकते. पावडर सांडली तर थंड पाण्याचं फडकं घ्या, गरम पाण्यानं ती चिकटते. इंकजेटचा, म्हणजे शाईच्या प्रिंटरचा, चकचकीत फोटो पेपर लेझरमध्ये घालू नका, आत वितळला तर हीटरच बदलावा लागते.

धागाकर्ता
अन् जुना २९०० भेटला तर कसा पाहू? नागपूरला बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, आहेत म्हणतात.

दारव्हा, झेरॉक्सवाला
आपला कागद अन् आपली फाईल घेऊन जा. सलग वीस-पंचवीस पानं काढायला लावा, एकावर खूश होऊ नका. पानाच्या लांबीत ठरावीक अंतरानं तोच डाग परत परत दिसला तर ड्रम नाही तर रोलर गेला. ड्रम स्वस्तात बदलता येते, त्यासाठी भाव पाडा. पण छापलेलं बोटानं घासून पुसलं गेलं अन् दुकानातली लाईन चांगली असली, तर दोष हीटरच्या बाजूला आहे, ते मशीन सोडून द्या. अन् घरच्या कॉम्प्युटरवर कोणती विंडोज आहे ते लिहून न्या, ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर चालवायचं सॉफ्टवेअर तिथंच विचारा.